नवी कोरी

मनकर्णानं कमरेचा विळा काढला आणि बोटीवरची दोरी एका झटक्यात कापली.

ग्रामपंचायतीच्या मागं, मोडक्या हातपंपाच्या आणि फुटक्या टाक्यांच्या ढिगाशेजारी, पुरातून ओढून काढलेली ती रबरी बोट तशीच गुंडाळून टाकलेली होती. चिखल वाळून तिच्यावर खपल्या धरल्या होत्या. गावची कुत्री वर झोपत असावीत. केस चिकटले होते. मनकर्णानं दोन्ही हातांनी एक कड धरली आणि ओढली. बोट जागची हलली नाही. तिनं पाय रोवले, दातओठ खाऊन पुन्हा ओढली, तेव्हा कुठं ते धूड फरफटत रस्त्याच्या कडेला आलं.

समोरून तिचा दीर लागणारा दत्ता सरपंच आबासाहेबांचा ट्रॅक्टर घेऊन येत होता. तिला बघून त्यानं ब्रेक दाबला, आणि दाबला हे चुकलंच असं वाटून तोंड दुसरीकडं फिरवलं.

“वहिनी, काय करायल्यात हे?”

“दिसायलंय की तुला.”

“पंचायतीची हाय ती. आबासाहेबांना इचारलं का?”

“तुझ्या दादानं नेताना इचारलं होतं. इचारून काय झालं?”

दत्ताच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत ओरखड्याचा लांब वण होता. शर्टाची बाही तो आता कायम खाली ठेवी. आत्ताही त्यानं ती ओढून घेतली.

“ट्रॉली रिकामी हाय तुझी,” मनकर्णा म्हणाली. “हात लाव. घरापोत्तर टाकू.”

“डिझेल आनायला जायलोय, वहिनी. उशीर झालाय.”

ट्रॅक्टर निघून गेला. धूळ खाली बसेपर्यंत मनकर्णा तिथंच उभी राहिली. मग घरी गेली, बैलजोडी जुंपली, जुवाला दोरी बांधली आणि ती बोट भर गावातून, पारावरून, दुकानांपुढून, आबासाहेबांच्या दारावरून ओढत घेऊन आली. पारावर बसलेल्या माणसांनी पत्ते खाली ठेवले. कुणी हाक मारली नाही. तिनंही कुणाकडं बघितलं नाही.

*

गोदावरीला थडीची माणसं गंगा म्हणतात. सोनपेठच्या खालच्या अंगाला कासारथडी हे गाव अगदी गंगेच्या ओठावर आहे. घटस्थापनेच्या तोंडावर वरच्या धरणांतून पाणी सुटलं, त्यात रात्रंदिवस पाऊस. सकाळी बघतात तर गावाबाहेरच्या उंचवट्यावरचा आखाडा, म्हणजे शेतातला गोठा, चारी बाजूंनी पाण्यात, आणि आखाड्याच्या पत्र्यावर म्हातारी दगडाबाई दोन शेळ्यांना उराशी धरून बसलेली. आदल्या संध्याकाळी सगळे नको म्हणत असताना ती शेळ्या सोडवायला गेली होती.

तेव्हा गावाला आठवलं की आपल्याकडं बोट आहे.

मागच्या एका पुरानंतर ती गावाला मिळाली होती. परभणीहून माणसं आली होती, त्यांनी बोट फुगवून गंगेत फिरवली होती, गावातली चार धडधाकट माणसं निवडून त्यांना वल्हवायला शिकवलं होतं. त्यात दत्ता होता, आणि मनकर्णाचा नवरा लिंबाजी. त्याला सगळ्यांत जास्त नाद लागला. ती माणसं जाताना सांगून गेली होती की हिला अशी बांधून ठेवू नका. अधूनमधून फुगवा, धुवा, सावलीत वाळवा, पावडर मारा, दर वेळी घडी वेगळी घाला. वर वजन नको, जवळ तेल नको, ऊन नको. लिंबाजीनं ते पाठ केलं होतं. दर उन्हाळ्याच्या अखेरीला तो आबासाहेबांकडं किल्ली मागायला जाई आणि हात हलवत परत येई. एकदा मनकर्णानंच विचारलं होतं, “काय म्हनले?” तर हसून म्हणाला होता, “म्हनले, नवी कोरी वस्तू हाय, कशाला खराब करायची.”

त्या सकाळी किल्ली लगेच मिळाली. आबासाहेब स्वतः पावसात धावत आले. पंचायतीच्या पत्र्याच्या खोलीतली त्यांचीच सोयाबीनची पोती बाजूला फेकून बोट बाहेर काढली. लिंबाजी आणि दत्ता तिच्यात बसून निघाले. गाव काठावर उभं होतं. निम्म्या वाटेवर, बुडालेल्या बाभळींच्या रांगेपाशी, बोटीची एक बाजू अचानक बसली आणि दोघंही दिसेनासे झाले. दत्ता एका बाभळीला धरून राहिला. त्याला दोर टाकून ओढून काढलं. लिंबाजी दोन दिवसांनी खाली गंगाखेडच्या बाजूला सापडला.

दगडाबाई पत्र्यावरच होती. संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं आणि ती शेळ्या हाकत मागच्या वाटेनं आपल्या पायांनी घरी आली.

*

अंगणात बोट पसरल्यावर जागाच उरली नाही. मनकर्णा आणि तिची मुलगी निकिता घागरीवर घागर ओतत तिला धूत होत्या. निकिता परभणीला कॉलेजात होती. बाप गेल्यापासून तिचं जाणं-येणं विसकटलं होतं.

“आई, हे कशाला आणलंस तू घरात?” धुता धुता ती म्हणाली. “मला बघवत नाही हे.”

“मलाबी बघवत न्हाई. म्हनूनच बघायचंय.”

चिखल निघाला तसा खालचा नारिंगी रंग वर आला. मनकर्णा गुडघ्यावर बसली आणि जिथं बोट फाटली होती तिथं हात फिरवू लागली. गावभर एकच गोष्ट होती: बाभळीचा काटा लागला. लिंबाजीनं घाई केली, काट्यात घातली, नवी कोरी बोट पहिल्याच खेपेला फाडली. आबासाहेबांनी साहेब लोकांना तेच सांगितलं होतं. दत्तानंही मान डोलावली होती. दुकानात मीठ-मिरची घ्यायला गेलं तरी पाठीमागून कुजबुज येई. कुणी तर म्हणालं होतं की घेतली असंल सकाळी सकाळी. लिंबाजीनं आयुष्यात सुपारी खाल्ली नव्हती.

काट्याचं छिद्र होतं कुठं? फाटलेली रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. मनकर्णानं निकिताला दुसरं टोक धरायला लावलं. दोघींनी मिळून, जुन्या साडीची घडी लागतेच तशी, बोट तिच्या जुन्या वळणांवर दुमडत नेली. रबरालाच ती वळणं ठाऊक होती. शेवटची घडी पडली तेव्हा फाटलेली रेघ बरोब्बर तळाच्या कडेवर आली. पोत्यांचा सगळा भार जिथं असणार, तिथं.

पुन्हा उलगडली. आता तिला दिसू लागलं. प्रत्येक घडीवर बारीक बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यात नदीकाठच्या गाळपेराच्या जमिनीला पडतात तशा. मधल्या सपाट भागात रबर अजून मऊ होतं. एका कोपऱ्यात मात्र ते गुळाच्या पाकासारखं चिकट झालं होतं, बोटाला तार सुटत होती. तिनं वास घेतला.

“डिझेल,” ती म्हणाली.

“काय?”

“त्या खोलीत डिझेलचे ड्रम असत्यात त्यांचे. ह्या अंगाला टेकवले असतील.” तिनं एक घडी दोन्ही हातांत धरली आणि वाकवली. कट्‌ असा आवाज आला. पापड मोडावा तसा.

निकिता तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

मनकर्णाला रडू आलं नाही. वर्षभर पेटीत ठेवलेली कुकरची रिंग काढावी तर ताठ झालेली असते, हे कुठल्या बाईला माहीत नाही? हंगाम लागला की फवारणीच्या पंपाचा वायसर बदलावा लागतो, वापरलेला असो की नसो. हे कुठल्या गड्याला माहीत नाही? पारावर बसलेल्या एकूण एक माणसाच्या घरात ठेवून ठेवून वाया गेलेलं रबर होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. आणि सगळे म्हणत होते, नवी कोरी होती.

“मी व्हिडिओ काढते,” निकिता मोबाइल उघडत म्हणाली. “ग्रुपवर टाकते. सगळ्या तालुक्याला कळू दे.”

“नगं.”

“का?”

“मोबाइलात बगून लोक अंगठा दाबत्यात आन् पुढं जात्यात. ह्येला हात लागला पायजे त्यांचा.”

दुसऱ्या दिवशी तिनं ती बोट कडब्याच्या गंजीवर चढवली. गंजी रस्त्याला लागून होती. शेताकडं जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्या शेजारून जावं लागे. फाटलेली बाजू तिनं मुद्दाम रस्त्याकडं, माणसाच्या छातीच्या उंचीवर, लोंबती सोडली.

*

पहिली आली दगडाबाई. ती रोजच यायची. सकाळी यायची, जोत्याला टेकून बसायची, दुपारी उठून जायची. मनकर्णा तिच्यापुढं चहाची बशी ठेवी, पण तिच्याकडं बघत नसे. म्हातारीच्या अंगाला शेळ्यांचा वास येई. तो वास आला की मनकर्णाला वाटे, हिला उचलून रस्त्यावर ठेवावं. शेळ्या जगल्या. म्हातारी जगली. हिला कुणी सांगितलं होतं जायला?

त्या दिवशी दगडाबाई जोत्याकडं आली नाही. गंजीपाशी थांबली. लोंबत्या रबरावर तिनं हात फिरवला, भेगेत नख घातलं.

“म्या सांगितलं होतं समद्याला,” आत येऊन ती म्हणाली. “वरून बगत होते म्या. बाभळीला लागायच्या आधीच बसली ती. पर म्हनले, म्हातारीला एवढ्या लांबचं काय दिसतंय.”

मनकर्णानं हातातली परात खाली ठेवली. “मला का न्हाई सांगितलं?”

“तू बगती का माझ्याकडं? तोंड उघडायची छाती झाली न्हाई, माय.”

मनकर्णानं चहा गाळला आणि त्या दिवशी पहिल्यांदा बशी जमिनीवर न ठेवता म्हातारीच्या हातात दिली.

नंतर माणसं येऊ लागली. म्हणजे येत कुणी नसे. जाता जाता पाय रेंगाळत. कुणी इकडंतिकडं बघून कड चिमटीत धरी, वाकवून बघी. कट्‌ आवाज आला की हात झटकून चालू लागे. गंजीखाली रबराचे तुकडे पडू लागले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी उन्हं कलताना आबासाहेब आले. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं. निकितानं बाज टाकली. मनकर्णानं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण पाणी विचारलं नाही. ते त्यांच्या ध्यानात आलं.

“मनकर्णा, ती बोट काढ गंजीवरनं.”

“पावसानं कडबा भिजतो.”

“दिवाळी झाली. कुठला पाऊस आता?” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “हे बग, सरकारी माल हाय. उद्या कुणी इचारलं तर जबाब मला द्यावा लागतो. आन् लोक काय बोलायलेत तेबी तुला म्हाईत असंल.”

“काय बोलायलेत?”

आबासाहेबांनी उपरणं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “म्या कवाच म्हनलं न्हाई की लिंबाजीची चूक झाली. काटा लागला. गंगेचं पानी, त्याला कोन काय करनार? नशीब म्हनायचं. पर ती बोट म्या लेकरासारखी जपली होती, एवढं ध्यानात ठेव. एक ओरखडा येऊ दिला न्हाई. किल्ली कधी दुसऱ्याच्या हातात दिली न्हाई.”

“लेकरावर सोयाबीनची पोती रचत्यात का, आबासाहेब?”

निकितानं मान खाली घातली. आबासाहेबांचा चेहरा तांबडा झाला.

मनकर्णा उठली. गंजीवरून लोंबणारी कड तिनं ओढून बाजेपर्यंत आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. “मोडा,” ती म्हणाली.

“काय लावलंय हे?”

“मोडून बगा एकदा. गावातल्या समद्यांनी बगितली. तुमीच राहिलात.”

त्यांनी हात लावला नाही. तेव्हा तिनंच त्यांच्या डोळ्यांसमोर घडी वाकवली. रबर तडकलं, एक तुकडा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला. त्यांनी तो विंचू झटकावा तसा झटकला. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. त्यांनी ते खोकून गिळलं.

“गुरुवारी नवी बोट यायलीय,” उठता उठता ते म्हणाले. “सोनपेठहून साहेब येत्यात. म्या त्यांना सांगितलंय, बोटीला लिंबाजीचं नाव द्यायचं. नारळ तुझ्या हातानं. गाव मान देतंय तुला, मनकर्णा. मान घ्यायला शिकावं मानसानं.”

आतापर्यंत जी शांतपणे ऐकत होती ती निकिता फणफणत पुढं झाली. “आम्हाला नको तुमचा—”

“येते म्या,” मनकर्णा म्हणाली.

आबासाहेबांनी वळून बघितलं. त्यांनाही हे इतक्या लवकर होईल असं वाटलं नसावं.

“नारळ मीच फोडीन,” ती म्हणाली. “बोट मात्र खोलीत नगं. गंगेवर आना.”

*

गुरुवारी घाटावर मांडव होता. बंधाऱ्यामुळं गंगा अजून काठोकाठ होती. निवळशंख, शांत, तिच्या पोटात काही असेल असं वाटू नये अशी. खुर्च्या, सतरंज्या, शाळेतून आणलेला भोंगा. टेबलावर हार घातलेला लिंबाजीचा फोटो होता. तो निकिताच्या वाढदिवसाला काढलेला, त्यात तो हसत होता, आणि हसतानाच्या फोटोला हार घातलेला बघून मनकर्णानं तोंड गंगेकडं फिरवलं.

फोटोशेजारी एक मोठी निळी पिशवी ठेवली होती. तिच्यावर कागद चिकटवला होता: लिंबाजी.

भाषणं झाली. साहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. घाम पुसत ते थोडक्यात बोलले. आबासाहेब जास्त बोलले. शौर्य म्हणाले, बलिदान म्हणाले. मग मनकर्णाच्या हातात नारळ दिला आणि पिशवीपुढं दगड मांडला.

तिनं नारळ हातात धरला. “बोट कुठंय?”

“ही काय,” आबासाहेब म्हणाले.

“ही पिशवी हाय. बोट दावा.”

“आत हाय की बोट.”

“फुगवून दावा मग.”

माणसं चुळबुळली. आबासाहेब जवळ सरकले, आवाज खाली आणून म्हणाले, पण भोंग्याचा माइक त्यांच्या हातातच होता, त्यामुळं सगळ्या घाटानं ऐकलं:

“अगं, आजच कशाला? नवी कोरी—”

ते थांबले. वाक्य अर्धंच हवेत राहिलं. बायकांच्या घोळक्यात दगडाबाई होती. ती मोठ्यानं हसली, अगदी कडवट.

“फुगवा ना,” साहेब म्हणाले. “काय हरकत आहे? बघू तरी.”

पंचायतीच्या खोलीतून पायानं दाबायचा पंप आणला गेला. जुन्या बोटीबरोबर आलेला, तिच्याच शेजारी ठेवलेला. एकानं दोन-चार दणके दिले, तोच त्याची नळी मुळाशी तडकली आणि फुस्स करून बाजूला पडली. माणसं त्या नळीकडं बघत राहिली. नव्या पिशवीतच दुसरा पंप निघाला. बोट हळूहळू अंग पसरत वर आली, करकरीत, नव्या रबराचा वास सुटलेली, घड्यांच्या खुणा अजून अंगावर असलेली.

मनकर्णानं नारळ फोडला. पाणी बोटीवर शिंपडलं. मग चपला काढून, लुगड्याचा काष्टा खोचून ती पाण्यात उतरली आणि बोटीत जाऊन बसली.

“आई!” निकिता ओरडली.

“कोन येतंय वल्हवायला?” मनकर्णानं विचारलं.

कुणी पुढं आलं नाही. पुरानंतर या गावातल्या माणसांनी गंगेत पाय घातला नव्हता. साहेब आबासाहेबांकडं बघू लागले. आबासाहेबांनी आजूबाजूला नजर फिरवली.

“दत्ता,” ते म्हणाले. “जा तू. तुला येतंय.”

दत्ता सगळ्यांच्या मागं, मांडवाच्या बल्लीला धरून उभा होता. तो हलला नाही. लोकांनी वाट करून दिली, तेव्हा त्याला यावंच लागलं. कुणीतरी त्याच्या अंगात केशरी जाकीट चढवलं, मनकर्णाकडंही एक फेकलं. तो पाण्याच्या कडेला आला आणि थबकला. मग डोळे मिटून बोटीत चढला.

बोट काठापासून सुटली. काठावर टाळ्या वाजल्या.

दत्ता वल्हवत होता, पण त्याच्या हातांना ताल नव्हता; बोट एकदा डावीकडं झुके, एकदा उजवीकडं. मनकर्णा पुढच्या बाजूला, त्याच्याकडं तोंड करून बसली होती. तिनं दोन्ही हात बोटीच्या कडांवर ठेवले होते. रबर मऊ होतं, दाबलं की आत जात होतं, सोडलं की परत येत होतं. तिनं पुन्हा दाबून बघितलं. एवढंच तर मागत होता लिंबाजी आबासाहेबांकडं दर साली.

बाभळींच्या रांगेपाशी आल्यावर दत्तानं वल्हं थांबवलं. पुराचं पाणी उतरल्यानं बाभळी आता निम्म्या वर आल्या होत्या. फांद्यांत पुराचा कचरा अजून अडकलेला.

“वहिनी.”

तिनं बाभळींकडं बघितलं.

“काटा न्हवता.”

वाऱ्यानं बोट थोडी फिरली.

“बसलो तवाच खालून आवाज आला होता,” दत्ता भराभरा बोलू लागला, जणू आता थांबला तर पुन्हा सुरू होणार नाही. “दादा म्हनला, घडीवर गेलीय वाटतं, बेतानं घे. म्हनला, म्हातारी वर बसलीय, माघारी कसं फिरावं. हितपर्यंत आलो आन् खालनं एकदम उसवली. शिवन उसवावी तशी. काट्याबिट्याला लागलीच न्हाई ती. दादानं मला ढकललं. ह्या बाभळीवर ढकललं. फांदी हातात आली म्हनून वाचलो म्या. आन् त्याच बाभळीवर काट्याचा आळ येऊ दिला.” बाही मागं गेली होती. हातावरचा वण उन्हात चकाकत होता.

हेच ऐकायला मनकर्णा इतके दिवस तळमळत होती. हे एकदा कानावर पडलं की पोटातली आग निवेल, असं तिला वाटलं होतं. ती निवली नाही.

“हे मला कशाला सांगायलास?”

“तुमाला कळावं म्हनून—”

“मला म्हाईत हाय. ते रबर म्या दोन्ही हातांनी धुतलंय.” तिचा आवाज चढला नव्हता, दातांमधून येत होता. “हितं कोन ऐकायलंय तुझं? मासे? काठावर कवा सांगनार हायस?”

दत्तानं काठाकडं बघितलं. मांडव लहान दिसत होता. आबासाहेबांचा पांढरा सदरा मात्र ओळखू येत होता. ते हात वर करून, झालं, आता या, अशी खूण करत होते.

“आबासाहेब हायत तितं.”

“हायत. साहेबबी हायत. लेक हाय त्याची. म्हातारी हाय, तिला दिसत न्हाई म्हनलात ती.”

“ट्रॅक्टर जाईल माझ्याकडचा, वहिनी. लेकरं हायत मला.”

मनकर्णानं त्याच्याकडं रोखून बघितलं. हा पोरगा तिच्या लग्नात करवल्यांच्या मागं मागं पळत होता. त्याला लिंबाजीनंच पोहायला शिकवलं होतं. याचीही लेकरं होती, आणि ती बापाच्या हातचं खात होती. तिला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. त्याच्या तोंडावर पाणी मारायचं होतं.

“वल्हव,” ती म्हणाली.

दत्तानं वल्हं पाण्यात घातलं. बोट वळली. काठावर कुणीतरी पुन्हा टाळ्या सुरू केल्या, पोरं शिट्ट्या मारू लागली. मांडव मोठा होत गेला, माणसांचे चेहरे वेगळे दिसू लागले. निकिता गुडघाभर पाण्यात येऊन थांबली होती. जसजसा काठ जवळ येऊ लागला तसतसे दत्ताचे हात सैल पडत गेले. एक फटकारा, मग नुसतंच धरून बसणं, मग आणखी एक अर्धामुर्धा. बोट जागच्या जागी फिरू लागली.

तळाशी दुसरं वल्हं पडलं होतं. मनकर्णानं कधी वल्हवलं नव्हतं. तिनं ते उचललं, दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि बोटीचं तोंड काठाकडं केलं.